राजगीरला जाताय? मग दोन रात्री तिथंच राहा

बोधगयेच्या टूरमध्ये राजगीर कायम "जाता जाता" असतं. सकाळी बस निघते, अकराला रोपवे, बाराला स्तूप, फोटो, जेवण, मग नालंदा, रात्री पाटणा. मी पहिल्यांदा नागपूरहून अशाच एका टूरने गेले होते, गृध्रकूटावर, म्हणजे बुद्धांच्या उपदेशाच्या टेकडीवर, जेमतेम दहा मिनिटं मिळाली आणि खालून शिट्टी वाजली. समोर कोरियन भिक्खू सुत्तपठणाला बसलेले, उदबत्तीचा वास, आणि आपण मात्र पळत पायऱ्या उतरतोय. ते इतकं मनाला लागलं की नंतर मी दोनदा परत गेले, एकदा २०२३ च्या अधिक श्रावणात आईला घेऊन आणि एकदा एका जैन मैत्रिणीबरोबर तिच्या पंचपहाडी यात्रेला. त्या तीन खेपांमधून जे कळलं ते सगळं इथे लिहितेय, कारण हे गाव नीट बघायला काय काय करावं लागतं हे आधी माहीत असलं तर एकाच खेपेत होऊन जाईल.

आधी गाव समजून घ्या. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात पाच डोंगरांच्या मधोमध राजगीर आहे, विपुलाचल, रत्नागिरी, उदयगिरी, स्वर्णगिरी आणि वैभारगिरी. मगधाची ही जुनी राजधानी, राजगृह. महाभारतातल्या जरासंधाची नगरी हीच मानतात. राजा बिंबिसार आणि त्याचा मुलगा अजातशत्रू इथलेच. बुद्धांनी गृध्रकूटावर उपदेश केला, आणि महापरिनिर्वाणानंतरची पहिली धम्मसंगीती (भिक्खूंची परिषद) इथल्या सप्तपर्णी गुहेत झाली. भगवान महावीरांनी राजगृह आणि नालंदा परिसरात १४ चातुर्मास काढले, आणि विसावे तीर्थंकर मुनिसुव्रत स्वामी यांचा जन्म इथलाच. सूफी संत मखदूम शर्फुद्दीन याह्या मनेरी इथल्या जंगलात कित्येक वर्षं एकांतात राहिले. गुरू नानकही इथे आले असं शीख परंपरा सांगते. आणि हिंदूंसाठी गरम पाण्याची कुंडं आणि मलमास मेळा. पाच धर्मांची माणसं एकाच गावात आणि तीही एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर, म्हणून टूरवाल्यांसारखे "पॉइंट" मोजत फिरलात तर हाती काहीच लागत नाही. ज्या ठिकाणी जाल तिथे त्या लोकांच्या वेळेला आणि त्यांच्या रीतीने जा, माझं सगळं सांगणं एवढंच आहे आणि बाकी प्लॅन त्यावरूनच ठरतो.

कधी जायचं

ऑक्टोबर ते मार्च. एप्रिलपासून ऊन इतकं चढतं की सकाळी नवानंतर डोंगर चढणं म्हणजे शिक्षा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगलीच थंडी आणि धुकं असतं, गाड्या लेट होतात, पण गरम कुंडांची खरी मजा तेव्हाच.

अपवाद फक्त धोंड्याच्या महिन्याचा. आपल्याकडे अधिक महिना म्हटला की जावयाला वाण, ३३ अनारसे आणि दीपदान. बिहारात त्याला मलमास म्हणतात आणि तो महिनाभर तेहतीस कोटी देव राजगीरला मुक्कामाला असतात अशी श्रद्धा आहे. ब्रह्मदेवाचा मुलगा वसूराजा याने इथे यज्ञ केला, सगळ्या देवांना बोलावलं, फक्त कावळ्याला बोलवायचं राहून गेलं, म्हणून या महिन्यात राजगीरला कावळा दिसत नाही असं तिथला जो तो सांगतो. आईने हे ऐकल्यावर रोज सकाळी धर्मशाळेच्या गच्चीत उभं राहून बघायला सुरुवात केली. ध्वजारोहणाने मेळा सुरू होतो, ठरलेल्या तिथींना साधूंचं शाही स्नान असतं, वैतरणी घाटावर गाईचं शेपूट धरून नदी पार करायचा विधी होतो, त्या गर्दीत बायका आपापल्या गेलेल्या माणसांची नावं घेत पाण्यात उतरतात. २०२३ ला श्रावण अधिक होता, १८ जुलै ते १६ ऑगस्ट, आणि २०२६ ला अधिक ज्येष्ठ, १७ मे ते १५ जून. मेळ्याला जायचं असेल तर खोली दोन-तीन महिने आधी बुक करा आणि बाकीची ठिकाणं बघायची अपेक्षा ठेवू नका, त्या महिन्यात कुंड हेच राजगीर. शांतपणे पाच धर्मांची ठिकाणं बघायची असतील तर मलमास टाळा.

कसं पोचायचं

राजगीरला रेल्वे स्टेशन आहे, पण आपल्याकडून थेट गाडी धरून जाण्यापेक्षा पाटणा किंवा गया गाठणं सोपं. मुंबई, पुणे दोन्हीकडून पाटणा-दानापूरच्या गाड्या आहेत, नागपूरवरून संघमित्रा एक्सप्रेस दानापूरला जाते, मुंबईहून प्रयागराजमार्गे जाणारी हावडा मेल गयेवरून जाते, आणि कोल्हापूर-धनबाद दीक्षाभूमी एक्सप्रेस आठवड्यातून एकदा गयेवरून जाते. पाटण्याहून राजगीर साधारण १०० किमी, ट्रेनही आहे आणि बसही. गयेहून ७० किमीच्या आसपास. विमानाने जाणाऱ्यांना पाटणा आणि गया दोन्हीकडे विमानतळ आहेत.

गयेकडून रस्त्याने येत असाल तर राजगीरच्या तोंडाशी बाणगंगेजवळ ड्रायव्हरला पाच मिनिटं थांबायला सांगा. डोंगराच्या कडेने दगडांची एक प्रचंड भिंत जाताना दिसते, चुना-माती काही न वापरता नुसते मोठाले धोंडे एकमेकांवर बसवलेत. ही जुन्या राजगृहाची तटबंदी, पाचही डोंगरांवरून सुमारे ४० किमी फिरते. सह्याद्रीतले किल्ले बघत वाढलेल्या माणसाला ही भिंत बघून काय वाटतं ते मी शब्दात नाही सांगू शकत, शिवरायांच्या काळाच्याही जवळपास दोन हजार वर्षं आधीचं बांधकाम आहे हे.

कुठे राहायचं

हॉटेलं भरपूर आहेत, पण माझं मत धर्मशाळेच्या बाजूने. जैन धर्मशाळा स्वच्छ असतात, जेवण सूर्यास्ताच्या आत, कांदा-लसूण-बटाटा नाही, बुकिंग आधी फोनवर करायचं आणि आम्ही जैन नाही पण नियम पाळू हे सरळ सांगायचं. बौद्धांसाठी वेगवेगळ्या देशांची विहारं आहेत, जपानी आहे, बर्मी आहे. गुरुद्वारातही यात्रेकरूंची सोय होते. वयस्कर माणसं बरोबर असतील तर कुंडांपासून चालत जाता येईल अशीच जागा घ्या, पहाटे चार-साडेचारला टोटो शोधत बसायला लागू नये. टोटो म्हणजे ई-रिक्षा, टांगेही अजून आहेत.

बॅगेत काय हवं ते इथेच सांगते. डोकं झाकायला दोन मोठे रुमाल, अंघोळीचे कपडे वेगळे (बायकांनी गडद रंगाचा गाऊन किंवा पंजाबी ड्रेस), चपला ठेवायला कापडी पिशवी, टॉर्च, सुट्टे पैसे. कातडी पट्टा आणि पाकीट जैन डोंगरांवर चालत नाही, म्हणून कापडी पाकीट घ्या. उपास असतील तर भगर आणि दाण्याचं कूट घरून न्या, तिथे भगर मागितली तर दुकानदार आपल्या तोंडाकडे बघत राहतो. आणि बिहारात २०१६ पासून दारूबंदी आहे, बॅगेत बाटली सापडली तर थेट केस होते, बरोबरच्या मंडळींना निघायच्या आधीच बजावून ठेवा.

पहिला दिवस, दुपारनंतर

पोचल्यावर लगेच डोंगराकडे धावू नका. जेवा, झोपा, आणि चारच्या सुमारास वेणुवनात जा. बिंबिसाराने बुद्धांना दान दिलेलं हे बांबूचं वन, संघाला मिळालेला पहिला विहार. आता तिथे तिकीट काढून आत जायची बाग आहे, मधे करंड तलाव. बागेसारखंच दिसतं, त्यामुळे बरेच लोक निराश होतात. त्यापेक्षा तळ्याच्या काठी एका बाजूला बसा आणि त्रिसरण-पंचशील म्हणा किंवा नुसते गप्प बसा, थोड्या वेळाने एखादा थाई किंवा श्रीलंकेचा ग्रुप येतो, पांढऱ्या कपड्यातले उपासक भिक्खूंच्या मागे एका ओळीत चालत जातात, आणि मग ती जागा एकदम वेगळी वाटायला लागते.

तिथून गुरुद्वारा शीतल कुंड. कथा अशी की इथली सगळी कुंडं गरम, लोकांनी गुरू नानकांना सांगितलं की प्यायला गार पाणी नाही, तेव्हा त्यांच्या कृपेने एक कुंड शीतल झालं. ते कुंड आजही आत आहे. डोकं झाका, पाय धुऊन आत जा, मत्था टेका आणि लंगर चुकवू नका. गुरू गोविंदसिंगांचा जन्म पाटण्याचा आणि देहावसान आपल्या नांदेडला. आम्ही महाराष्ट्रातून आलोय म्हटल्यावर सेवेतल्या बाबाजींनी "हुजूर साहिबवाले!" म्हणून आईच्या ताटात अजून एक रोटी वाढली.

गुरुद्वाराच्याच अंगाला, विपुलाचलाच्या पायथ्याशी मखदूम कुंड आहे. जुन्या काळी यालाच शृंगी ऋषी कुंड म्हणायचे. मखदूमसाहेबांची मजार इथे नाही बरं का, ती पंचवीसेक किमीवर बिहारशरीफला आहे, इथे त्यांची इबादतीची जागा आणि कुंड. पुरुष आणि बायकांची अंघोळीची वेळ किंवा जागा वेगळी असते, आधी विचारा. दर्शनाला डोकं झाकून, शांतपणे. मला इथे सगळ्यात जास्त निवांत वाटलं, झाडांची सावली, दोन-चार माणसं, आणि दगडातून येणारं कोमट पाणी.

दुसरा दिवस, पहाट: आधी डोंगर की आधी कुंड?

हा प्रश्न खरंच विचारात घ्या. धार्मिक स्नान करायचं असेल तर पहाटे चारला ब्रह्मकुंड, तेव्हा पाणी स्वच्छ आणि गर्दी कमी. पण नुसतं गरम पाण्यात बसायचं असेल तर आधी वैभारगिरी चढा आणि उतरल्यावर कुंडात बसा, गुडघे दुआ देतील. आईसाठी आम्ही पहिलं केलं, मैत्रिणीबरोबर दुसरं.

कुंडांचा परिसर वैभारच्या पायथ्याशी आहे. २२ कुंडं आणि ५२ धारा असं तिथे म्हणतात. सप्तधारेला भिंतीतल्या तोट्यांमधून पाणी पडतं, त्याखाली उभं राहायचं. ब्रह्मकुंड सगळ्यात गरम, ४५ अंशांच्या जवळपास, त्यात एकदम उतरायचं नाही. आधी पायावर पाणी घ्या, मग पायरीवर बसा, मग कमरेपर्यंत, आणि पाच-सात मिनिटांत बाहेर या. बीपी, हृदयाचा त्रास, गरोदर बायका यांनी फक्त धारेखाली हातपाय धुवावेत. आई पहिल्या दिवशी हौसेने जास्त वेळ बसली आणि वर आल्यावर तिला भोवळ आली, तिथल्याच एका बिहारी मावशीने तिला धरून बसवलं आणि लिंबूपाणी आणून दिलं. त्यामुळे पाण्याची बाटली आणि चिमूटभर मीठ-साखर जवळ ठेवा. साबण लावू नका. कुठल्या कुंडात कोणी उतरायचं याचे जुने नियम आहेत, बोर्ड लावलेले असतात, ते वाचा आणि पाळा.

पंडा, म्हणजे तिथले तीर्थपुरोहित, येतात. संकल्प करायचा असेल तर जरूर करा, छान करतात, पण दक्षिणा किती ती आधी ठरवा, मंत्र सुरू झाल्यावर नाही. नको असेल तर हात जोडून "नहीं पंडाजी, बस स्नान" एवढं पुरतं.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. या धारा आता पूर्वीसारख्या जोरात नाहीत, काही कुंडं अधूनमधून कोरडी पडतात, गावातल्या बोअरवेलनी जमिनीखालचं पाणी ओढून घेतलं. म्हणून २०२२ पासून गंगेचं पाणी पाइपलाइनने राजगीरच्या घराघरात आणलंय, भूजलावरचा भार कमी व्हावा म्हणून. ब्रह्मकुंडाची धार काय नि मखदूम कुंडाची काय, दोन्ही याच डोंगरांच्या पोटातून येतात, ती आटली तर कुणा एका धर्माची आटणार नाही. हॉटेलात बादलीभर पाण्यात भागत असेल तर भागवा.

कुंडांच्या मागूनच वैभारच्या पायऱ्या सुरू होतात. थोडं चढलं की दगडांचा एक मोठा चौथरा लागतो, जरासंध की बैठक, याच दगडी बांधकामाला पिप्पल गुहेशीही जोडतात. पुढे जैन मंदिरं, एक जुनं महादेव मंदिर, आणि मग वाट डोंगराच्या उत्तरेला उतरते तिथे सप्तपर्णी गुहा. ही वाट एकट्याने करू नका, चार-पाच जण मिळून जा आणि उन्हं चढायच्या आत परत या, संध्याकाळी तर नकोच. गुहा बघायला काही भव्य नाहीत, कातळातल्या कपारी आणि समोर सपाटी. पण अजातशत्रूच्या आश्रयाने पाचशे अर्हत इथे जमले, महाकाश्यप अध्यक्ष, उपालींनी विनय (भिक्खूंचे नियम) सांगितला, आनंदांनी धम्म (बुद्धांचे उपदेश). तोवर काही लिहिलेलं नव्हतं, सगळं एकमेकांच्या आठवणीतून जुळवलं. त्या सपाटीवर बसून हे आठवलं की अंगावर काटा येतो.

जैन मंडळी पाचही डोंगर करतात, साधारणपणे पहिल्या दिवशी विपुलाचल, रत्नागिरी, उदयगिरी आणि दुसऱ्या दिवशी स्वर्णगिरी, वैभारगिरी. डोली मिळते, पण रेट आदल्या संध्याकाळीच ठरवा. डोंगरावर खाणं नाही, चपला शक्यतो नाहीत, मैत्रीण तर अनवाणीच चढली आणि पुढे चालणाऱ्या एका ऐंशीच्या आजींनी एकदाही थांबून श्वास घेतला नाही.

दुपारी ऊन असतं तेव्हा वीरायतन ही जैन संस्था बघा, स्वर्ग-नरकाचे आणि तीर्थंकरांच्या चरित्राचे बारीक कलाकुसरीचे देखावे आहेत, शिवाय डोळ्यांचं हॉस्पिटल, जिथे गरिबांवर उपचार होतात. याची धुरा वाहिलेल्या आचार्य चंदनाजी पुणे जिल्ह्यातल्या चास-कमानच्या. १९८७ मध्ये त्या आचार्यपद मिळालेल्या पहिल्या जैन साध्वी झाल्या, २०२२ ला पद्मश्री. आपल्या मातीतली बाई इतक्या लांब येऊन केवढं काम उभं करून गेली हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीतच नाही.

उन्हं उतरली की सोनभांडारच्या गुहा. लोक बिंबिसाराच्या खजिन्याची गोष्ट सांगतात, दाराची फट शोधतात. पण खरी गंमत भिंतीवरच्या लेखात आहे, मुनी वैरदेवांनी या गुहा जैन तपस्व्यांसाठी करवून घेतल्या असं त्यात लिहिलंय, आणि याच गुहेपाशी गरुडावर बसलेल्या विष्णूची मूर्तीही सापडली. जवळच मणियार मठ, नागपूजेशी जोडलेलं विटांचं गोल बांधकाम, आणि जरासंधाचा आखाडा. मठ दहा मिनिटांत होतो, आखाडा वेळ उरला तरच.

तिसरा दिवस: गृध्रकूट

पहाटे पाचला निघा. रोपवे तेव्हा सुरू नसतो, चालतच जायचं, आणि तेच योग्य आहे, कारण ही वाट बिंबिसाराने बुद्धांकडे जाण्यासाठी बांधली असं मानतात. चढ सोपा आहे, सिमेंटची वाट, पाऊण तासात पोचता. वाटेत सारिपुत्त आणि आनंद यांच्या म्हणून दाखवतात त्या गुहा लागतात, लोकांनी दगडांवर सोन्याचे वर्ख चिकटवलेले असतात. माथ्यावर विटांच्या एका छोट्या गंधकुटीचे (बुद्धांच्या राहण्याच्या कुटीचे) फक्त अवशेष उरलेत, बाजूला गिधाडाच्या चोचीसारखा खडक. चपला खालीच काढा, मोबाइल सायलेंट, कुणी ध्यानाला बसलं असेल तर त्यांच्या समोरून जायचं नाही, मागून जायचं. "जय भीम" मोठ्याने म्हणावंसं वाटतं, मलाही वाटलं होतं, पण पठण संपेपर्यंत थांबा.

परतताना खाली रस्त्याच्या कडेला बिंबिसाराचा तुरुंग म्हणून दाखवतात तो दगडी चौकोन नक्की बघा, भिंती दोनेक मीटर जाड. मुलाने, अजातशत्रूने, बापाला कैदेत टाकलं, आणि तिथूनही गृध्रकूट दिसत होतं हाच त्या म्हाताऱ्याचा आधार. सकाळी वर जाऊन आल्यावर त्या चौकोनात उभं राहून मागे वळून बघा, मग कळेल.

गुडघ्यांचा त्रास असेल तर क्रम उलटा करा. रोपवे सुरू झाला की वर जा, आधी विश्वशांती स्तूप, मग पायऱ्यांनी उतरत गृध्रकूट आणि तसंच खाली. जुना रोपवे एकेका माणसाच्या उघड्या खुर्चीचा आहे, चालू खुर्चीत बसायचं असतं, त्यामुळे लहान मुलं आणि आजी-आजोबांनी नवीन बंद केबिनमधून जावं. स्तूप जपानी भिक्खू निचिदात्सु फुजी यांच्या प्रेरणेने उभा राहिला, १९६९ ला राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्या हस्ते उद्घाटन झालं. शेजारच्या जपानी मंदिरात मोठा ढोल वाजवत "नम् म्योहो रेंगे क्यो" चालू असतं, आत जाऊन बसलं तर कुणी काही म्हणत नाही.

ग्लास ब्रिज आणि नेचर सफारी मुलं मागतील, त्याचं ऑनलाइन बुकिंग आधीच करा, नाहीतर तिकीट मिळेलच असं नाही. मी असते तर ती वेळ घोडाकटोरा तलावाला दिली असती.

दुपारी पाटण्याकडे निघताना नालंदा १२ किमीवर आहे, अवशेषांना किमान दोन तास ठेवा, म्युझियम शुक्रवारी बंद असतं. त्याच्याही आधी वाटेत सिलाव लागतं, तिथे गाडी थांबवाच. सिलावचा खाजा, २०१८ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेला, दिसायला आपल्या चिरोट्याचा मोठा भाऊ, पदर इतके पातळ की बोटाने दाबला की चुरा. दुकानाबाहेर कढईतून काढून पाकात बुडवताना दिसतो, गरम एक तिथेच खा. घरी न्यायला फार गोड नको, साखर कमी असलेला मागा, तो टिकतो, आणि खोका बॅगेत नाही तर हातात घ्या. मी पहिल्या खेपेला बॅगेत टाकला होता, नागपूरला नुसता भुगा पोचला, आईने तो दुधात घालून खाल्ला.